फिनाईल मावशी डोंगर चढते

माझ्या मावशीला अख्खा दवाखाना फिनाईल मावशी म्हणायचा, तेही दबक्या आवाजात. साफसफाईची मुकादम म्हणून तिने उभी हयात वॉर्डांत काढली. खाटेखालून बोट फिरवून ते उजेडात धरायची. धूळ दिसली की कुणाची धडगत नसे. निवृत्त झाली, पण जित्याची खोड जाते थोडीच!

माझी आई ही तिची धाकटी बहीण. ती मावशीच्याच वॉर्डात, तिच्या डोळ्यांदेखत गेली. मावशीने तिच्या नावाने शहराबाहेरच्या डोंगरावर रोप लावलं. शहराने तो डोंगर पार ओरबाडला होता. आता पालिका कुंपण घालून लोकांना झाडं लावायला बोलावत होती. बाकीचे पाणी घालून घरी जात. मावशी झाडू घेऊन जाई. रोपाभोवतीचं गवत उपटून, पाचोळा झाडून, जमीन ताटासारखी लख्ख करी. रोप वाळलं. तिने दुसरं लावलं आणि आणखी मन लावून झाडलं. तेही गेलं.

"माझ्या हाताला यशच नाही गं," ती म्हणायची. तिचा चेहरा बघवत नसे.

एका दुभंगलेल्या खडकाशेजारी तिने तिसरं रोप लावलं आणि लगेच पडून खुबा मोडून घेतला. पुढे काही वर्षं तिचं डोंगर चढणं बंद. यंदा भर उन्हाळ्यात मात्र ती हट्टालाच पेटली. "मेलं असेल तर मेलं. एकदा डोळ्यांनी बघू दे."

निघालो. काठी तिच्या हातात, पाण्याची बाटली माझ्या. फाटकापाशी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी जमीन झाडून चकाचक ठेवली होती. "याला म्हणतात स्वच्छता!" मावशी खूश. तिथली झाडं किडकिडीत होती आणि माती टाचेसारखी भेगाळलेली. पण तिच्याशी वाद घालायची माझी काय टाप?

वळण घेतलं आणि आम्ही दोघीही जागीच उभ्या राहिलो. बोडका डोंगर कुठे गेला होता कोण जाणे. डोक्यावर फांद्यांत फांद्या गुंतल्या होत्या, ऊन नाण्यांएवढं होऊन खाली पडत होतं. गाड्यांचा आवाज मागेच राहिला. कुठूनसा ओला, गार वास येत होता. एवढं सगळं कुणी केलं?

"केवढा हा कचरा," पायाखालचा पाचोळा बघून मावशी पुटपुटली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

खडक सापडला. त्याच्याशेजारी माझ्या दुप्पट उंचीचं झाड उभं होतं, हिरवंगार. मावशीने आधी खोडाला हात लावला. मग सवयीने पाचोळा बाजूला करायला खाली वाकली आणि तिचा हात मनगटापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांना काळी, ओलसर माती होती. एवढ्या उन्हाळ्यात! त्या मातीत मुंग्या होत्या, बुरशीचे पांढरे तंतू होते, एक गांडूळ वळवळत होतं. तिने बोटं उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

मग वळून खाली फाटकाच्या, त्या झाडून भेगाळलेल्या जमिनीच्या दिशेने पाहिलं. तिला काय कळलं ते मलाही कळलं.

"मावशी, तुला कुठे माहीत होतं," मी म्हणाले.

तिने ऐकलं नाही. खोडाला कपाळ टेकवून ती माझ्या आईशी बोलत होती.

"मी आले नाही म्हणून जगलीस बघ," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.