दारापासून दहा पावलं

नंदुरबारहून गाडीने उधन्याला उतरलो तेव्हा खुशीत होतो. परत आलो ते दात-ओठ खात. राग निवायच्या आत लिहून काढतो.

गोडादऱ्यात माझी धाकटी बहीण शोभा राहते. "दादा, हातपाय धोई ले, जेवाले बठ" (हातपाय धू, जेवायला बस) म्हणत तिने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. तिचे यजमान हिंमतराव पांडेसऱ्याच्या एका रंगाई मिलमध्ये कापडाचा रंग नमुन्याशी ताडून पाहतात. मी शाळामास्तर. 'दृष्टिकोन बदला, जग बदलेल' असं माझ्याच अक्षरात कागदावर लिहून वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं. त्यावर दरवर्षी भाषणही ठोकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल पाहायला गेलो. वाफ, उग्र वास, पायाखाली रंगीत पाणी. हिंमतराव कापडाचा तुकडा घेऊन थेट उत्तरेच्या दाराशी गेले. तुकडा आणि नमुना एकाच बाजूने धरून त्यांनी निरखले.

"दिवा खोटं बोलस, दादा. उजेडले इचारनं." (दिवा खोटं बोलतो. उजेडाला विचारावं.)

रंग जुळला होता. ते तोच तुकडा आणि नमुना घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले, मागोमाग मी. मी मास्तर आहे हे कळल्यावर साहेबांनी मला खुर्ची दिली, गार पाणी दिलं. मग तुकडा आणि नमुना टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली धरले.

"शेड अलग है. पूरा माल बिगाड़ दिया."

"साहब, दरवाजे पे चलके देखो. दस कदम है."

"मैं क्यों चलूँ? तू अपना नजरिया बदल!" आणि माझ्याकडे वळून, "मास्टरजी, आप ही बोलो, नजरिया बदलना चाहिए ना?"

मी मान हलवली. सवयीने, लाजेकाजेने, काय म्हणाल ते म्हणा. हलवली.

"देखा? कल से तू गाँठें उठाएगा."

पन्नाशीला टेकलेला माणूस, कंबर आधीच धरलेली, आणि आता कापडाचे गठ्ठे वाहायचे! मला त्या साहेबाचा संताप आला. खुर्चीवरून हलायचं नाही आणि बघायचं कसं ते दुसऱ्याला शिकवायचं! मग रस्ताभर स्वतःचाच आला.

मी परत निघालो तेव्हा उधन्याच्या फलाटावर भर उन्हात हिंमतरावांनी खिशातून तो तुकडा आणि नमुना काढून माझ्या हातावर ठेवले. "आते देखा, दादा." (आता बघा.)

दोन्ही अगदी एक होते.

परतल्यावर शाळेत जाऊन वर्गातला तो कागद फाडला. पण त्याने हिंमतरावांच्या पाठीवरचा गठ्ठा उतरत नाही. दार केबिनपासून दहा पावलांवर होतं, आणि खुर्चीतून मीही उठलो नव्हतो.