शिंगराची गोम आणि बाईंची सही

घोडीला उभी करून तपासायचा लोखंडी खोडा, घोड्याचं वीर्य थंड ठेवून आणायची थर्मासची पेटी, शिंगराची उंची मोजायची सरकपट्टी आणि खूर टेकवायची तिवई. डॉ. मंदाकिनी गजभिये यांच्या कामातल्या एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातानं केल्या. शिकवलं कोणी नाही. पेटीच्या भिंतींत तर मिलमधला वाया गेलेला कापूस ठासला होता. बाईंच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आणि आधी हेच लिहावंसं वाटलं, कारण आमची ओळखच खोड्यावरून झाली.

मिलचा भोंगा बंद पडला तेव्हा मी तिथे फिटर होतो. मग चांदणी नावाची घोडी घेतली आणि राजवाड्याच्या गल्ल्यांतून नवरदेव फिरवू लागलो. एकदा तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तर तिथला लाकडी खोडा डुगडुगत होता. मी म्हटलं, "बाई, हा एका लाथेत जाईल."

"मग तुम्ही करा की चांगला," बाई म्हणाल्या. "पण माप चुकलं तर लाथ मला बसेल, लक्षात ठेवा."

माप चुकलं नाही. खोडा आजही उभा आहे.

बाई महूच्या. वडील पलटणीत खेचरांच्या तुकडीवर होते. ते सांगत, जनावराचं वर्णन असं लिहावं की न पाहिलेल्या माणसालाही ते कळपातून काढता यावं. बाईंनी हे आयुष्यभर पाळलं, आणि माणसांच्या बाबतीतही पाळलं. माझ्या अर्जात मालकाच्या धंद्यापुढे मी 'बेकार' लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी 'अश्वपालक' लिहिलं, नावामागे 'श्री' लावलं. मिल सुटल्यापासून मला कोणी 'श्री' लावलं नव्हतं.

तो अर्ज चांदणीच्या शिंगराचा. जातिवंत घोडा दूरच्या गावी, तिथवर घोडी न्यायची माझी ऐपत नव्हती. म्हणून बाईंनी थर्मासमध्ये वीर्य मागवून कृत्रिम रेतन केलं. मोहल्ला हसला. "भिया, तुम्हारी घोडी तो थर्मास से ब्याह गई!" पण शिंगरू झालं देखणं. तिचं नाव तारा. घोडेपालकांच्या संस्थेत नोंद झाली तर तारा जातिवंत, तिची पिलंही जातिवंत. नाही तर तीही वरातीचीच. माझं घर त्या एका नोंदीवर टांगलेलं होतं.

अर्जाबरोबर शिंगराचं चित्र लागतं. त्यात अंगावरचा प्रत्येक पांढरा ठिपका, प्रत्येक भोवरा दाखवायचा. ताराच्या मानेवर, आयाळीखाली, केसांची एक वळलेली रेघ होती. गोम. आपल्याकडे ती अपशकुनी मानतात, गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

"बाई, ही गोम नाही, लांबट भोवरा आहे," मी म्हणालो, आणि मिलच्या दिवसांतला माझा व्हर्नियर लावून मापही दाखवलं.

"मोजून झालं? बरं झालं," बाई म्हणाल्या. "आता लांबीसुद्धा लिहिते."

अर्ज गेला आणि परत आला. वर कारकुनाचा शेरा: 'गोम नामक रोग का उपचार कराकर पुनः भेजें.' बाई हसता हसता खुर्चीत मागे कलल्या. तारावर डोळा ठेवून असलेला एक दलाल तिथेच बसला होता. तो पुढे सरसावला. "डॉक्टर साब, ऑफिसवाले खुद रास्ता दे रहे हैं. लिख दो, ठीक हो गई! आयाल के नीचे कौन देखता है?"

"केस आहेत ते, खरूज नाही," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "घोडी तुमची, सही माझी. दुसऱ्या डॉक्टरकडून करून घ्यायचं तर घ्या, मी रागावणार नाही. पण ही गोम म्हणजे ताराच्या अंगठ्याची निशाणी आहे. ती पुसलीत, तर उद्या हिच्या नावावर कोणीही दुसरी घोडी उभी करेल."

मी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हिंदीत खुलासा लिहिला, गोम म्हणजे बालों की मुड़ी हुई धारी, आणि कागद पुन्हा पाठवला.

मग संस्थेचा तपासनीस घरी आला. त्याचा गोमेवर आक्षेप नव्हताच, संशय बापावर होता. "थर्मास में किसका था, कौन देखने गया?" चित्र हातात धरून त्यानं तारा खुरापासून कानापर्यंत पाहिली. शेवटी आयाळ उचलली. गोम चित्राशी ताडून पाहिली. मग म्हणाला, "जिसने ऐब तक नहीं छुपाया, वो बाप का नाम झूठा क्यों लिखेगी?" आणि शिक्का मारला.

आपण म्हणतो, 'यात काहीतरी गोम आहे', म्हणजे आत खोट लपली आहे. बाईंच्या कागदात गोम नेहमी उघड्यावर असते, म्हणून त्यात गोम नसते. ताराच्या पिलांवर माझ्या दोन्ही मुली शिकल्या.

बाईंना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे स्कूटरला किक मारण्याजोगे राहोत, आणि सही करणारा हात असाच स्थिर राहो, ही आम्हा सगळ्यांची इच्छा.

एक गोष्ट बाईंनाही ठाऊक नाही, ती इथे पहिल्यांदा लिहितो. कागद परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दलाल माझ्या तबेल्यात आला. मिलची देणी अजून मिळायची होती, चांदणीच्या चंदी-चाऱ्याची उधारी थकली होती. तो म्हणाला, "दूसरे डॉक्टर का फॉर्म मैं बनवा दूँगा. बस गोम मत लिखवाना. तारा के अभी के अभी नगद देता हूँ."

मी नाही म्हणालो. साठ हजार रुपयांना.