स्टेअरिंगमधली हवा

आमच्या घरमालकांना जगात जिकडेतिकडे हवा दिसते. चौबे कॉलनीत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते, आणि ज्यात हवा शिरल्याचा संशय त्यांनी घेतला नाही अशी वस्तू अजून माझ्या पाहण्यात नाही. नळाला पाणी बारीक आलं, पाइपात हवा. माझं डोकं दुखलं, पोटात हवा. डेअरीत दुधाची पिशवी ते दाबदाबून बघतात. "भैया, इसमें हवा है." "अंकल, दूध है." रोजचा हा संवाद, आणि मागे रांग खोळंबलेली. जन्मभर रेल्वेत ब्रेकच्या हवेशी झटले, निवृत्त झाले, पण हवा काही डोक्यातून जाईना! अंगणातली जुनी गाडी तर त्यांचा जीव की प्राण. ती चालते कमी, उघडीच जास्त असते. मेकॅनिकला हात लावू देतील तर शपथ.

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अर्धांगाचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, उजवा हात तेवढा लुळा राहिला. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी बजावलं, हात हलता ठेवा, नाहीतर असाच राहील. दाबायला रबरी चेंडू दिला. काकूंनी तो कुंडीत भिरकावला. "मी का पोट्टी हाओ चेंडू खेळाले?" काका रोज सकाळी पायरीवर बसून त्यांची वेणी घालू लागले. ती वेणी! सुतळीचा गुंता बरा.

मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "पॉवर स्टेअरिंगमंदी हवा शिरली." हे दोन माणसांचं काम. पुढची चाकं जॅकवर उचलायची, एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून तेलाच्या डबीत बुडबुडे बघायचे. "वरची पोट्टी हापिसात जाते. मले आता कोण फिरवून देते?" काका हवेलाच विचारत होते. काकू फणकारल्या, "काहून? मी मेली का?"

तेव्हापासून रोज तेच. "डावीकडं. सावकाश. आता उजवीकडं." मी एकदा सहज डबीत डोकावले. तेल संथ, बुडबुड्याचा पत्ता नाही. "काका, यात तर..." म्हणेपर्यंत त्यांचा तेलकट पंजा माझ्या तोंडावर! ऑफिसात दिवसभर तो वास येत होता. पुढे पुढे ते जॅक गुपचूप खाली घेऊ लागले. चाकं जमिनीला टेकली तशा काकू कुरकुरल्या, "आज भल्लंच जड लागून राहिलं." "जुनी हवा हाये," काका म्हणाले. "जोर लाव."

परवा काकू खाली उतरल्या त्या स्वतःच्या हाताने वेणी घालून. घट्ट, सरळ, पेडाला पेड. काका बघतच राहिले. मग बॉनेट लावलं आणि म्हणाले, "निघाली बाप्पा एकदाची." खूश व्हायचं सोडून माणूस दिवसभर पाहुणे गेल्यासारखा अंगणात घुटमळत होता. मलाच कसंतरी झालं.

काल सकाळी हॉर्न वाजला. गॅलरीतून पाहते तो काकू स्टेअरिंगवर बसलेल्या. "अहो, या ना! जड लागून राहिलं. हवा हाये अजून."

काका बनियनवरच धावत आले. साऱ्या जगावर संशय घेणारा हा माणूस, पण त्यांनी डबीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "असंन," म्हणाले, आणि बॉनेट वर केलं. "डावीकडं. सावकाश."

मला ऑफिसला उशीर होत होता. पण मी तिथेच उभी राहिले.