क्रोमियम, मोसंबी आणि नानांचा नवस

मेडिकल दुकान चालवायचं म्हणजे गल्ल्यापेक्षा किस्सेच जास्त जमतात. कुंभार पिंपळगावात बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर आमचं ‘शुगर मंडळ’ भरतं. आधी बोटाला सुई, मग गप्पा. त्यातले बरेचसे किस्से नानांचे. नाना मोसंबीवाले. डोळ्यांत मोतीबिंदू, पण शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. झाडावरचं फळ हिरवं की पिवळं, तेही त्यांना कळेनासं झालं होतं.

*

कुणीतरी नानांना शुगरवर क्रोमियमच्या गोळ्या सुचवल्या. नाना आधी डॉक्टरांना विचारून आले.

“काय म्हणाले?”

“म्हणले, घ्या, पण जोडीला. गुण येईलच असं न्हाई. शुगरची गोळी सोडायची न्हाई.”

“जमेल?”

“न जमायला काय झालं? मोसंबीला झिंक फवारतो म्हणून शेणखत बंद करतो का?”

तेव्हापासून मी सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो.

*

मंडळातल्या साहेबरावांनीही डबी नेली. पुढच्या बाजारी शुगर चढलेली. गोळी बोगस म्हणून माझ्यावरच उखडले. चौकशी केली, तर गोळीच्या भरवशावर रोज जिलेबी चालू होती.

नाना शांतपणे म्हणाले, “औषध मारून बागेत शेळ्या सोडल्या, मंग औषधाला काहून बोलून राह्यला?”

साहेबराव स्वतःच हसायला लागले.

*

नानांची खरी अडचण चहा. आमच्याकडे पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे त्याचा अपमान, आणि नानांना तर प्रत्येक घरचं बोलावणं. “शुगर हाय” म्हटलं की लोक म्हणायचे, “एका कपानं काय व्हतंय!”

शेवटी नाना सांगू लागले, “पिंपळगाव रेणुकाईच्या देवीला नवस बोललोय. डोळे नीट व्हईपर्यंत गोड बंद.”

डॉक्टरांना न जुमानणारं गाव देवीपुढे गप्प झालं. मला मात्र नाना कानात म्हणाले, “नवस-बिवस काही न्हाई. बोलू नको कुठं.” मी मनोमन हात जोडले.

त्यांच्या मंडळी, गंगामावशी, त्या दिवसांत चहाला नकोच म्हणायच्या. पित्त होतं, असं सांगायच्या.

*

हळूहळू शुगर उतरली. पथ्यानं, चालण्यानं की क्रोमियमनं, ते डॉक्टरही छातीठोक सांगेनात. साहेबरावांना मात्र श्रेय कुणाचं ते ठरवायचंच होतं.

नाना म्हणाले, “बाग पिकल्यावर कोणत्या पाण्यानं पिकली, ते इचारत बसत न्हाईत.”

ऑपरेशन झालं. नाना लांबूनच फळाचा रंग सांगू लागले. मला फार बरं वाटलं.

*

मग गंगामावशी हटून बसल्या, देवीला जायचंच. मीच गाडी काढली. दर्शन झालं आणि देवळाच्या पायऱ्यांवर नानांना राहवेना.

“खोटा व्हता गं तो नवस. लोकांनी चहा पाजू नये म्हणून बोल्लो व्हतो.”

मावशींनी प्रसादाचा पेढा डोळे मिटून, सावकाश खाल्ला. बोटंसुद्धा चाटली.

“तुमचा खोटा व्हता,” त्या म्हणाल्या. “माझा खरा व्हता.”