लाल टिकलीचं पुस्तक

कुसुमताई बालवाडीतून निवृत्त झाल्या, पण मुलांचा नाद सुटला नाही. कासारवाडीत त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. तिथे दोन लोखंडी कपाटं आणि शंभरेक पुस्तकं लावून त्यांनी मुलांसाठी वाचनखोली थाटली.

पुस्तकांच्या त्यांनी तीन पायऱ्या पाडल्या. पानावर मोठं चित्र आणि एखादी सोपी ओळ असली की पहिली. चार-पाच ओळी आणि जोडाक्षरं आली की दुसरी. चित्रं कमी होऊन गोष्ट लांबली की तिसरी. ओळखीसाठी पुस्तकांना लाल, पिवळी आणि हिरवी टिकली चिकटवली. मुलाची इयत्ता त्या विचारत नसत. ते कुठे अडखळतं, एवढंच बघत.

दुसरीतली सायली लाल टिकलीची पुस्तकं मजेत वाचायची. एका गुरुवारी कंपनीला सुट्टी म्हणून तिचे वडील नवनाथ तिला न्यायला आले. ते मूळचे बीडकडचे, चाकणच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होते. पोरीच्या हातातलं पुस्तक बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि हिरव्या टिकलीचं काढून तिच्या हातात दिलं.

बापाला हौस दिसते, असं ताईंना वाटलं. पण सायली त्यानंतर पुस्तक मांडीवर घेऊन नुसती बसू लागली. वाच म्हटलं की मान खाली. सोमवारपासून ती यायचीच थांबली. पुस्तक काढलं की पोट दुखतं म्हणते, असं तिची आई दिपाली जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली.

ताई मनातून हादरल्या. या वयात वाचनाची धास्ती बसली, तर ती निघता निघत नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. पुढच्या गुरुवारी लाल आणि हिरवं, अशी दोन पुस्तकं घेऊन त्या नवनाथांच्या घरी गेल्या. चहा झाला, आणि त्यांनी सरळच विचारलं.

नवनाथ जरा घुटमळले. "ताई, आमच्या कंपनीत लाल टिकली म्हणजे माल बाद. पिवळी म्हणजे दुरुस्तीला. हिरवी लागली तरच गाडीत चढतो. बारा वर्षं मी हेच चिकटवतोय. माझ्याच लेकराच्या हातात लाल कशी बघू?"

ताईंना हसू आवरेना. इमारतीतल्या, कारखान्यातच कामाला असलेल्या आणखी तीन बापांनी हिरवीच पुस्तकं का मागून नेली, तेही आत्ता उलगडलं. आपल्या इमारतीतली पोरं हुशार, म्हणून त्या इतके दिवस खूश होत्या.

"मग तपासणी तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "पंजा उघडा. ती अडली की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही मिटली, तर पुस्तक तिला जड."

सायलीनं हिरवं पुस्तक उघडलं. तिसऱ्या ओळीलाच नवनाथांची मूठ वळली. मग लाल. चार पानं झाली तरी एकच बोट मिटलेलं, तेही 'सुसर' शब्दाला. सुसर म्हणजे काय, हे सायलीनं आपणहून विचारलं. कितीतरी दिवसांनी तिनं पुस्तकातलं काही विचारलं होतं. दिपाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

नवनाथांनी पंजाकडे बघितलं. "माल चांगलाय," ते म्हणाले. "ताई, तुमचे रंग तेवढे बदला."

त्याच दुपारी ते जांभळ्या, गुलाबी आणि निळ्या टिकल्या घेऊन खोलीत आले. बसल्या बसल्या सगळी पुस्तकंही तपासली. पहिल्या पायरीतल्या दोन पुस्तकांत जोडाक्षरं जास्त आहेत म्हणून ती बाजूला काढली. ताईंनी चष्मा लावून बघितलं आणि मुकाट्यानं मान्य केलं.

शुक्रवारी सायली आली. नंतर रोजच येऊ लागली. पुढच्या गुरुवारी नवनाथ बघतात तो तिच्या हातात पुन्हा सुसरीचंच पुस्तक. अजून किती वेळा हेच वाचणार, आता पुढची पायरी घे, असं ते म्हणाले.

सायलीनं मान वर केली नाही. "थांबा ना पप्पा. ती आता पाण्यात शिरतीय."

नवनाथ चप्पल काढून चटईवर बसले.