वाटीभर खमीर

गाडीने पुणे सोडलं आणि समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण काय करता?" मी चादर डोक्यावरून ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं. हिशेब खात्यात माझी उमर गेली. मग खात्यात संगणक आले आणि कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचं गोंडस नाव देऊन मला घरी बसवलं. तेव्हापासून या एका प्रश्नाची मला धास्ती बसली आहे.

घरी बसून मी केक-बिस्किटं भाजण्याच्या नादी लागलो. केबलवर एक परदेशी बाई रोज काही ना काही भाजून दाखवायची. तिचं पाहून छोटा ओव्हन आणला. दोन केक बरे झाले, तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. माझी मुलगी रोहिणी हैदराबादला संगणक कंपनीत आहे. ती आईला फोनवर म्हणाली, "बाबांना कशात तरी गुंतव गं, नाहीतर खचतील." दुसऱ्या फोनवर मी ऐकत होतो. फार लागलं ते मला. त्या तिरमिरीत मी जाहीर करून टाकलं, की हैदराबादला येतो आणि रविवारी तुला माझ्या हातचा पाव खायला घालतो. पाव मी जन्मात केला नव्हता.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर नुसते दगड. घरांएवढे, एकावर एक तोललेले, आता पडतील की मग असे. रोहिणीचं भाड्याचं घर हिमायतनगरात, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण विमलताई. त्यांच्या तीन पिढ्या इथेच सरकारी नोकरीत गेल्या, त्यामुळे त्यांची मराठी निजामाच्या मुलखातून फिरून आल्यासारखी वाटते.

मी सामान ठेवून लगेच बाहेर पडलो. पावाच्या कृतीत लिहिलं होतं 'यीस्ट'. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने आधी खाण्याचा सोडा दाखवला, मग बेकिंग पावडर, आणि शेवटी पोटदुखीवरचं चूर्ण. माझा चेहरा पाहून त्याने अफझलगंजचा रस्ता दाखवला.

अफझलगंजला मुसी नदीच्या बाजूला पोती, हातगाड्या आणि मिरचीचा ठसका. शिंकत शिंकत मी एका व्यापाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "वो तो खमीर हुआ. बेकरी में पूछो." (खमीर म्हणजे आदल्या दिवशीचा राखून ठेवलेला, आंबलेला मैद्याचा गोळा.) बेकरी दोन दुकानांपलीकडेच होती.

"खमीर है?"

"हौ, है ना," गल्ल्यावरचे दाढीवाले चाचा म्हणाले.

"थोडा दे दो." मी पाकीट काढलं.

"खमीर बेचते नै साब. चाय पियो."

मला वाटलं, भाव वाढवतायत. मी दुप्पट देतो म्हणालो. त्यांनी हसून चहाबरोबर बिस्किटही पुढे केलं. पुढच्या बेकरीतही तेच. वस्तू आहे, गिऱ्हाईक आहे, पैसे आहेत. तरी विकत नाहीत, आणि वर चहा पाजतात! आयुष्यभर जमाखर्च मांडलेल्या माणसाला हा व्यवहार कुठल्या बाजूला लिहावा ते कळेना.

परतताना आबिड्सला एका औषधाच्या दुकानात यीस्टच्या गोळ्या मिळाल्या, ताकदीच्या. बुडत्याने काडी धरावी तशा मी त्या घेतल्या.

शनिवारी गोळ्या कुटून, कोमट पाण्यात कालवून मैदा भिजवला. दुपारपर्यंत गोळा जसाच्या तसा. उन्हात ठेवला, शालीत गुंडाळला. ढिम्म हलला नाही. औषधाच्या गोळ्यांतलं यीस्ट मेलेलं असतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! रोहिणी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, राहू द्या. पाव बाहेरून आणू. तुम्ही आराम करा." आराम! मला रडूच यायचं बाकी होतं.

गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या न्यायला विमलताई आल्या, तेव्हा मी शालीतल्या गोळ्यापाशी बसून होतो.

"कायकू परेशान होऊन राहिले भाऊ?"

मी सगळं सांगितलं. त्या हसायलाच लागल्या.

"विरजण कधी विकत आणता का तुम्ही? शेजारी मागता ना? खमिराचं तसंच आहे. ते बेचत नाहीत. मागायचं असतं."

"ओळख ना पाळख, कसं मागायचं?"

"मागितल्यावर होते की ओळख." त्यांनी चिनी मातीची वाटी माझ्या हातात दिली. "जा, दिवे लागायच्या आत. विरजणही आपण दिवेलागणीनंतर देत नाही."

नोकरी गेल्यापासून मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं, की आपण रिकामे झालो हे लोकांना कळेल असं वाटायचं. अफझलगंजला त्याच बेकरीसमोर जाऊन उभा राहिलो. वाटी पुढे केली.

"चाचा, थोडा खमीर मांगने आया हूँ."

"कल ऐसा बोलते तो कलइच देता ना साब!" त्यांनी गोळ्यातला एक लचका तोडून वाटीत घातला. "थोडा बचा के रखना. कोई मांगा तो देना."

रविवारचा पाव एका बाजूला कलला होता आणि खालून करपला होता. पण फुगला होता! विमलताईंनी तो खट्ट्या डाळीत बुडवून खाल्ला. रोहिणीने दुसरा तुकडा न विचारता उचलला. मला आराम करा म्हणाली नाही.

परतीच्या गाडीत उकाड्याने माझ्या डब्यातलं खमीर तरारलं आणि झाकण फट्‌दिशी उडालं. समोरच्या सोलापूरच्या बाई दचकल्या.

"अगं बाई! काय आहे हो यात?"

"खमीर. पावासाठी."

"आपण काय करता?"

आला प्रश्न. चादर पायाशीच होती. मी तिला हात लावला नाही.

"पाव करतो," मी म्हणालो. "शिकतोय अजून."

बाईंनी डब्यात वाकून पाहिलं. मग आपल्या रिकाम्या डब्याचं झाकण काढून त्यांनी तो संकोचत पुढे केला.

"मला देता का थोडं?"