जाऊबाईंचा अर्ज

माझे वडील खामगावच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून देत. त्यांच्या रद्दीतल्या कागदांवरून मी इंग्रजी शिकले आणि ही भाषा कमरेत वाकूनच लिहायची असते, अशी माझी पक्की समजूत झाली.

लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या जाऊबाई पुण्याला माहेरी होत्या. लवकर या, म्हणून मी हौसेने इंग्रजी पत्र धाडलं. खाली सही, ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. काय ती अक्कल! बाईंनी ते जपून आणलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भर बायकांत वाचलं.

“सर्व्हंटबाई, वाण आणा बरं!”

सगळ्या हसल्या. मी बावळट, मीही हसले. मग चुलीपुढे रडले आणि नाव धुराचं सांगितलं. वर्षभर मी घरात ‘सर्व्हंटबाई’ होते.

थोरले दीर मलकापूर स्टेशनात बाबू. तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली. ती मिळाली तरच जाऊबाईंनी तिकडे बिऱ्हाड करावं, असं मामंजींनी ठरवलेलं. माझं अक्षर वळणदार, म्हणून जाऊबाईंनी लिहिलेला अर्ज उतरवायला माझ्याकडे आला. पहिलंच वाक्य, ‘आय वाँट धिस पोस्ट’. व्याकरणात खोट नाही. पण वडिलांच्या कागदांत ‘वाँट’ फक्त वरून खाली यायचं, साहेबाकडून शिपायाकडे. खालून वर जाताना ‘आय बेग’. हे कुठल्या शब्दकोशात सापडत नाही.

“जाऊबाई, असंच उतरवू?”

“असंच. तुझं सर्व्हंटपण त्यात घुसडू नकोस.”

“हाव बाई. मले काय समजते त्यातलं!”

आणि ते ‘वाँट’ मी असं झोकदार काढलं, की साहेबाची नजर आधी तिथेच जावी.

अर्ज नामंजूर होऊन परत आला. ‘वाँट’खाली लाल रेघ. मी शेवयांची खीर केली.

“आज काय गं?” सासूबाई म्हणाल्या.

“काही नाही जी, दूध उरलं होतं.”

खीर संपली आणि मग डोक्यात उजेड पडला. एक ‘बेग’ घातला असता, तर ही बाई मलकापूरला गेली असती! आता जन्मभर एकाच चुलीपाशी बसून माझं ‘मले-तुले’ सुधारत राहणार. माझ्यासारखी शहाणी मीच.

तरी दर संक्रांतीला, भर बायकांत, वाणाचं ताट पुढे करून मी गोड आवाजात विचारायची, “जाऊबाई, व्हॉट डू यू वाँट?”

आणि त्या पदर पसरायच्या.